पिकअपला कूलर ऐकू येतो

गेल्या एप्रिलमध्ये मी फॅमिली ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप टाकली. चाळीस सेकंदांची. खाली लिहिलं, ‘ऐका, आपल्या खामगावच्या घराचा आवाज!’ पाच मिनिटांत नमस्कारांची रांग लागली. मोठ्या बाबांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात ते काही बोललेच नाहीत, नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. माझ्या बाबांनीही हात जोडले. मी पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून चक्क रडले.

तीन आठवड्यांनी कळलं, की तो आवाज घराचा नव्हताच. तो दीड मिलिमीटरचा होता.

आता नीट सांगते. अप्रेझल झालं की आमच्या टीममध्ये प्रत्येकाला कसला ना कसला झटका येतो. कुणी बाईक घेतं, कुणी लेहला जातं. मला गिटारचा झटका आला. तशी माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार होतीच, पहिल्या बोनसची, साधीसुधी, बासवुडची. पण दुकानातल्या मुलाने लाखाच्या पुढची एक हातात दिली आणि म्हणाला, ‘मॅडम, हिचं टोनवुड बघा. महोगनी आहे. साउंड वॉर्म येतो.’ त्याने बॉडीवर बोटाने टकटक केली, तर अॅम्पमधून ‘ठक ठक’ आलं. ‘ऐकलंत? लाकूड बोलतं!’ मी फिदा. ईएमआयचं गणित मांडतच घरी आले.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. घराचा व्यवहार झाला होता. खामगावचं आमचं घर, पणजोबांनी बांधलेलं, जाड मातीच्या भिंती आणि वर सागवानी तुळया. चार वाटे, चार भाऊ, कुणीच तिथे राहत नाही. विकण्याशिवाय दुसरं काय होणार? बाबा एवढंच म्हणाले, ‘पाडाले लागतीन पुढच्या हप्त्यात. तुले काही पायजे असन त सांग.’ आत्याने पितळी घागर सांगून ठेवली होती, काकूने पाटा-वरवंटा. मी म्हटलं, मला माजघरातली तुळई हवी. तीच, जिला पाळण्याची कडी होती. बाबा थोडं थांबले आणि म्हणाले, ‘पुन्यात कुठी ठेवशीन?’

माझा फंडा सिंपल होता. महोगनी वॉर्म वाजत असेल, तर नव्वद वर्षं वाळलेला साग कसला वाजेल! एका घराच्या सगळ्या डोहाळजेवणांचा, बारशांचा, भांडणांचा आवाज त्यात मुरलेला. लाख रुपये वाचणार, वर इमोशनल व्हॅल्यू फ्री.

खामगावातल्या मिस्त्रींकडे मी माझी जुनी गिटार उघडून, बॉडीचा पुठ्ठ्याचा साचा करून घेऊन गेले. त्यांनी साचा उलटा केला, सुलटा केला. ‘ताई, हे कायचं हाय? बॅट हाय का?’ मी समजावलं. त्यांनी तुळईवर हात फिरवला. ‘सोन्यासारखं लाकूड, अन् याले भोकं पाडता? देव्हारा करा ना मस्त.’ पण कामाला लागले. सात इंची तुळई गिटारच्या रुंदीला पुरेना, म्हणून दोन फळ्या काढून जोडायच्या ठरल्या. साग तेलकट, फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून रंधा मारल्या मारल्या थिनरने पुसून लगेच शिकंजा आवळला. सागात सिलिका असते, ती पात्याची धार खाते. त्यात लाकडात जुना खिळा निघाला आणि करवतीचे चार दात गेले. मिस्त्रींनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

पाळण्याच्या कडीचं भोक मात्र त्यांनी न विचारता राखलं. बॉडीच्या वरच्या शिंगापाशी बरोबर येईल अशीच फळी कापली होती.

पुण्याला येऊन मी जुन्या गिटारचं सगळं सामान नव्या बॉडीवर चढवलं. तीच नेक, तोच ब्रिज, तेच पिकअप, त्याच नंबरच्या नव्या तारा. अदलाबदलीच्या आधी जुन्या बासवुडवर एक तुकडा रेकॉर्ड करून ठेवला होता. तोच आता सागावर वाजवला. आणि खरंच फरक होता! आवाज मऊ, गोल, जरा मागून आल्यासारखा. ओसरीवर बसून कुणी आतल्या खोलीतलं ऐकावं तसा. मग ती क्लिप, ते नमस्कार आणि ते रडणं.

माशी शिंकली ती ऑफिसात. टेस्टिंगमधला एक मित्र, हाही गिटारवाला, क्लिप ऐकून म्हणाला, ‘पिकअपची हाइट मोजलीस?’ मी म्हटलं, तू ना टेस्टरच राहशील. पण रात्री झोप लागेना. तार आणि पिकअप यांच्यात किती फट आहे हे बघायला मी एक रुपयाचं नाणं मधे सरकवलं, तर ते पिकअपला चिकटूनच बसलं. (स्टीलचं नाणं आणि खाली सहा लोहचुंबक. दुसरं काय होणार म्हणा!) मग प्लास्टिकची पट्टी आणून मोजलं. जुन्या गिटारवर जेवढी फट होती, त्यापेक्षा आता दीड मिलिमीटर जास्त. मिस्त्रींनी नेक बसवायचा खाचा थोडा उथळ कोरला होता. त्यामुळे नेक वर, तारा वर, पिकअप तिथेच. मी पिकअपचे स्क्रू फिरवून ते वर आणलं आणि तोच तुकडा पुन्हा रेकॉर्ड केला.

मऊपणा गेला, गोलपणा गेला, ओसरीही गेली. उरली माझी जुनी गिटार, जशीच्या तशी.

तरी मी हार मानायला तयार नव्हते. बासवुडचे पाच, सागाचे पाच असे दहा तुकडे उलटसुलट करून त्या मित्राला आणि आणखी तिघांना ऐकवले. कुठलं कुठलं ते ओळखा. निकाल नाणेफेकीसारखा लागला. मग मी स्वतः ऐकले, नावं झाकून. मीही तेच. घराच्या तुळईचा आवाज मला ओळखता आला नाही.

हे असं का, ते समजून घ्यायला पिकअप म्हणजे काय ते बघावं लागतं. आपण त्याला मनातल्या मनात माइक समजतो. तो माइक नाहीच. सहा छोटे लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार फेरे, बस्स. वर लोखंडाच्या जातीची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि फेऱ्यांमध्ये वीज तयार होते. फॅरडेने हे १८३१ मध्ये दाखवलं, आपण दहावीच्या प्रॅक्टिकलला केलं आणि विसरलो. या सगळ्यात हवा नाही, ध्वनी नाही. आजोबांच्या वीणेची पितळेची एक तार माझ्याकडे होती. ती मी गिटारवर ताणून छेडली. कानाला छान ऐकू येते, अॅम्पमध्ये शांतता. शेजारची स्टीलची तार छेडली की खिडक्या हादरतात. पितळ चुंबकाला दिसत नाही, विषय संपला. आणि लाकूड तर पितळेपेक्षाही परकं.

मग दुकानातली ती टकटक? ती खोटी नव्हती. बॉडीवर ठोकलं की पिकअपही थोडं थरथरतं, तार थरथरते, पिकअपमधले फेरे सैल असतील तर तेही. म्हणजे तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर जरासं हलतं आणि तेवढी वीज येते. ते फेरे हलू नयेत म्हणून कित्येक पिकअप मेणात बुडवून काढतात. लाकडाचा हात अजून एका ठिकाणी पोचतो. तारेची दोन टोकं जिथे टेकतात तिथे आधार हलला, तर तारेची ताकद त्यात झिरपते आणि सूर लवकर मरतो. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन झ्विकर यांनी १९९० च्या दशकात हे मोजलं. काही गिटारींवर ठरावीक पट्टीवरचे सूर पटकन का विझतात, याचं उत्तर त्यांना मुख्यतः नेकमध्ये मिळालं, कारण नेक बारीक आणि लवचिक. पावणेदोन इंच जाडीची बॉडी तारेच्या ओढीला कसली दाद देणार! म्हणजे परिणाम शून्य नाही. पण पिकअपची जागा, उंची, तारांची जाडी, अगदी केबलची लांबी यांच्यापुढे तो पोह्यांवरच्या खोबऱ्याएवढा. नॅशव्हिलचा जिम लिल नावाचा एक गिटारवादक आहे. त्याने तर बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकले, वर्कबेंच आणि शेल्फ यांच्यामध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप लावलं आणि यूट्यूबवर वाजवून दाखवलं. आवाज? इलेक्ट्रिक गिटारचाच.

खरं तर ही गोष्ट सुरुवातीपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ ची रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, लाकडाची नव्हतीच, ओतीव अॅल्युमिनियमची होती. लेस पॉलने १९४० च्या सुमारास पाइनच्या एका चौकोनी ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि लोकांना गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंनी जुन्या गिटारीचे कान लावले. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी हार्डबोर्डच्या, तरी जिमी पेजने वाजवल्या. क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, तिची नेक एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून काढली. (त्याच्या बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे माहीत असेलच. नसेल तर पुढच्या पार्टीत वापरा.) तुळईची आयडिया मी पहिल्यांदा काढली असं मला वाटत होतं. तोही भ्रम गेला.

पण इतकं लांब जायची गरजच नव्हती. लहानपणी खामगावात लग्नाच्या वरातीत जो वाजायचा, तो बेंजो आठवा. टाइपरायटरसारखी बटणं, खाली स्टीलच्या तारा, त्यावर पिकअप आणि हातगाडीवर रचलेले कर्णे. मूळ वाद्य जपानी, १९१२ मध्ये नागोयात जन्मलेलं. आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुल तरंग झालं, मग त्याला वायर लागली आणि ते बेंजो होऊन थेट गणपतीच्या मिरवणुकीत शिरलं. २०१६ मध्ये रवी जाधवने त्यावर हिंदी सिनेमाही काढला. आता मला सांगा, अख्ख्या गल्लीला नाचवणाऱ्या त्या बेंजोवाल्याला तुम्ही कधी विचारलंत, ‘दादा, टोनवुड कोणतं?’ खोकं प्लायचं असो, फळीचं असो, त्याला त्याचं काही नसतं. तो तारा बघतो, पिकअप बघतो आणि अॅम्पचा आवाज वाढवतो. त्याला जे कळत होतं, ते कळायला मला एक तुळई कापावी लागली.

लाकडाचं महत्त्व बघायचं तर वीणा बघा. खामगावपासून वीसेक किलोमीटरवर शेगाव. आमचे आजोबा वारीत विणेकरी होते. ती वीणा भोपळ्याची आणि लाकडाची. तिथे तार एकटी काहीच नाही. तारेने आपला थरार घोडीला द्यायचा, घोडीने तबलीला, तबलीने हवेला. लाकूड बदललं, तबली जरा जाड राहिली, तर वाद्य मुकं. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी तुनाचं लाकूड आणि भोपळा निवडण्यात हयात घालवतात, ते उगाच नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला. माझी चूक एवढीच, की मी वीणेचं लॉजिक गिटारला लावलं. आणि दुकानंही तेच लावतात, कारण ते विकलं जातं.

हे सगळं कळलं, बरं वाटलं, लाख रुपयेही वाचले. (त्यातले सहा हजार मी नव्या पिकअपवर घातले. तुम्हीही गिटार घ्यायच्या विचारात असाल, तर आधी पिकअप आणि सेटअप. लाकूड घ्यायचं ते वजन बघून, खांदा तुमचा आहे. माझी सागाची बॉडी बासवुडपेक्षा किलोभर तरी जड आहे. तासभर उभं राहून वाजवलं की पाठ बोलते.) पण ग्रुपवर ती क्लिप होती. एका चुलतबहिणीने तर रिंगटोन करून ठेवली होती. आणि बाबांनी हात जोडले होते.

फोनवर सांगवेना. मे महिन्याच्या शेवटी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, गिटार मांडीवर, छोटा अॅम्प पायाशी. आईबाबा आता खामगावातच दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, आत कूलर घोंघावतोय. बाबांनी गिटार बघितली. बोटाने कडीचं भोक चाचपलं. काही बोलले नाहीत.

मी अॅम्प लावला आणि अॅम्पमधून जोरदार ‘घूंऽऽ’. मी गिटार फिरवली, आवाज कमी झाला. कूलरकडे वळवली, पुन्हा घूं. आई म्हणाली, ‘बिघडली का?’ नाही, बिघडली नव्हती. कूलरच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र पिकअप पकडत होतं. मला हसूच आलं. नव्वद वर्षांच्या सागाला छातीशी घेऊन बसलेल्या त्या पिकअपला तीन फुटांवरचा कूलर ऐकू येत होता. ज्यावर तो बसलाय ते घर नाही.

मी कूलर बंद केला आणि घाम पुसत सांगून टाकलं. बाबा, ती क्लिप खोटी होती. म्हणजे वाजवलं मीच होतं, पण तो आवाज लाकडाचा नव्हता. मिस्त्रीकाकांचा खाचा उथळ झाला होता, त्याचा होता. यंत्राला लाकूड ऐकूच येत नाही.

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘थे क्लिप मी ऐकलीच नाई पोरी.’

बाबांनी चौतीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. मशिनींच्या गोंगाटात त्यांचे अर्धे कान गेले. मोबाइलच्या स्पीकरमधून त्यांना फक्त खरखर येते, हे मला माहीत होतं. क्लिप टाकताना आठवलं नाही. ‘सगळ्यायनं हात जोडले, म्हून मी बी जोडले. म्हटलं काही चांगलं असन.’

आई स्वयंपाकघरात जाऊन हसायला लागली. मीही.

अॅम्प बंद केला. वायर काढली. इलेक्ट्रिक गिटार वायरशिवाय अगदी बारीक वाजते, डास गुणगुणल्यासारखी, समोर बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येते. पण वाजवणाऱ्याला मात्र ती पोटाशी, बरगड्यांशी जाणवते. माझा तर समज आहे, की टोनवुडची अर्धी कहाणी तिथेच जन्मते. वाजवणाऱ्याच्या अंगाला जे कळतं, ते अॅम्पमधून आलं असं त्याला वाटतं. मी बाबांना जवळ बोलावलं आणि म्हटलं, कान इथे टेकवा, शिंगावर.

त्यांनी आधी चष्मा काढला. मग दाराला कान लावून ऐकावं तसं डोकं वाकवून उजवा गाल आणि कानशील त्या भोकाशेजारी लाकडाला टेकवलं. मी सगळ्यात जाड तार छेडली. त्यांनी डोळे मिटले. मी दुसरी छेडली, तिसरी छेडली. त्यांनी हात वर करून खूण केली, थांब. सूर विझेपर्यंत ते तसेच राहिले.

‘येते,’ ते म्हणाले. आणि डोकं न उचलता, ‘आता महाराजांची आरती वाजव. हळू. घाई नको करू.’